फ्लॅटचा ताबा लांबला तर: तारीख, व्याज आणि महारेराची तक्रार

ताबा लांबतोय असं दिसलं की बिल्डरच्या ऑफिसात फोन लावण्याआधी नोंदणीकृत करारनामा काढा आणि ताब्याचं कलम वाचा. तिथं छापलेली तारीख तुमची. अनेक करारांत तिच्यापुढे सहा महिन्यांची सवलत जोडलेली असते, तीही तपासा. महारेराच्या (महाराष्ट्रातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पासमोर दिसणारी सुधारित तारीख ही प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत आहे. बिल्डरने ती वाढवून घेतली म्हणून तुमच्या करारातली तारीख पुढे जात नाही. विलंब करारातल्या तारखेपासूनच मोजायचा, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात स्पष्ट केलं आहे.

म्हणूनच सगळ्यात मोठा धोका पुरवणी करारनाम्यात असतो. "फक्त औपचारिकता आहे" म्हणत नवीन तारखेचा कागद पुढे केला जातो. सही केलीत की हक्काची सुरुवातच पुढे ढकलली जाते. "नवीन तारीख मान्य" असं ईमेलवरही लिहू नका.

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १८ ने दोन वाटा दिल्या आहेत. घर नको असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत मागा. घर हवंच असेल तर करारातल्या तारखेपासून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरने सांगितलेल्या अनपेक्षित अडचणींनी किंवा कोर्टाच्या स्थगितीने तो जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेकच्या निकालात म्हटलं आहे. निवड मात्र नीट विचार करून करा. त्या भागातले भाव बरेच वाढले असतील, तर परताव्याच्या रकमेत तसंच घर पुन्हा मिळणार नाही. बांधकाम पायाच्या वर आलेलं नसेल, तर नुसत्या व्याजाच्या आशेवर थांबणं आम्हाला धोक्याचं वाटतं.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेने कर्जासाठी ठरवलेला आधारभूत दर) अधिक २ टक्के. हिशोबापुरता ११ टक्के धरा: ६० लाख भरले असतील तर वर्षाचे ६ लाख ६० हजार, महिन्याचे ५५ हजार. चौदा महिन्यांच्या विलंबाचे ७ लाख ७० हजार. प्रत्येक हप्त्याची तारीख आणि रक्कम यांचा तक्ता करून ठेवा. करारातल्या तारखेनंतर भरलेल्या हप्त्यावरचं व्याज तो भरल्याच्या दिवसापासून मोजा.

रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. उशिरा भरलेल्या हप्त्यावर बिल्डरही तुमच्याकडून त्याच दराने व्याज मागू शकतो, आणि पुढे "ग्राहकच थकबाकीदार" हा त्याचा पहिला बचाव असतो. डिमांड लेटरमध्ये (हप्ता मागणाऱ्या पत्रात) लिहिलेला टप्पा, समजा दहावा स्लॅब, जागेवर झालाच नसेल, तर फोटो आणि आर्किटेक्टचा दाखला मागणारा लेखी आक्षेप लगेच पाठवा. गप्प राहून पैसे अडवणं आणि लेखी आक्षेप घेणं यांत सुनावणीच्या वेळी फार फरक पडतो.

तक्रारीआधी रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्या: करारातली तारीख, भरलेली रक्कम, काय हवं ते, आणि उत्तरासाठी १५ दिवस. मग महारेराकडे ऑनलाइन तक्रार भरा. शुल्क ५,००० रुपये. सोबत करारनामा, इंडेक्स टू (करारनाम्याच्या नोंदणीचा उतारा), पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, पत्रव्यवहार आणि वरचा तक्ता जोडा. वकील सक्तीचा नाही. व्याज आणि परतावा महारेरा देते. वेगळी नुकसानभरपाई हवी असेल तर त्यासाठी निवाडा अधिकाऱ्याकडे (भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) वेगळा अर्ज करावा लागतो. एकाच अर्जात दोन्ही मागितलं की प्रकरण रेंगाळतं.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. मुदतीत रक्कम आली नाही तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज करा. महारेरा वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. इथून पुढे तहसील कार्यालयात पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. बिल्डरच्या मालमत्तेचे सर्व्हे नंबर हाताशी असतील तर काम खूप सोपं होतं. बिल्डर अपिलात गेला, तर आदेशातली रक्कम व्याजासह आधी अपील न्यायाधिकरणात भरावी लागते.

मध्येच "फिट-आउटसाठी (आतलं फर्निचर-सजावटीचं काम करायला) ताबा घ्या" असं पत्र येईल. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नसेल तर तो कायदेशीर ताबा नव्हे. ओसीची प्रत मागा आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर ती पडताळा. खरी ओसी आली की मात्र दोन महिन्यांत ताबा घेणं तुमच्यावर बंधनकारक आहे. किल्ली देताना "माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही" असा कागद पुढे येतो. त्यावर सही करू नका. सहीशिवाय किल्ली देत नसतील, तर सहीखाली "विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून" असं हाताने लिहा, फोटो काढा आणि त्याच दिवशी ईमेल करा.

गृहकर्ज असेल तर आणखी एक तारीख सांभाळा. जुन्या करप्रणालीत, कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर स्वतः राहायच्या घरावरच्या व्याजाची वजावट २ लाखांवरून ३० हजारांवर येते. हा तोटा नुकसानभरपाईच्या अर्जात आकड्यासह मांडा.