लोककथेवरून साहस रचताना आधी निषेध ठरवा

लोककथेच्या धर्तीवर टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाचे (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या खेळाचे) साहस, म्हणजे त्यात खेळायची गोष्ट, रचताना बहुतेक जण आधी राक्षस निवडतात. माझ्या मते सुरुवात निषेधापासून, म्हणजे ‘अमुक करू नये’ अशा मनाईपासून, करावी. लोककथांचे रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांतील जे ३१ घटक मांडले, त्यांत निषेध आणि त्याचे उल्लंघन लागोपाठ येतात. कथेत उल्लंघन अटळ असते, खेळात मात्र तो खेळाडूंचा स्वतःचा निर्णय असावा, म्हणून नियमाची चाहूल त्यांना आधीच लागली पाहिजे. समजा, नदी ओलांडताना नावाड्याला आपले नाव सांगायचे नाही, असा निषेध आहे. मग काठावरची आई मुलाला नावाऐवजी शीळ घालून बोलावते, घाटावरच्या एका स्मृतिशिळेवरचे नाव पुसलेले दिसते आणि एका म्हाताऱ्याला गावात कोणीच हाक मारत नाही, अशा तीन खुणा वेगवेगळ्या ठिकाणी पेराव्यात, कारण एखादी खूण हमखास नजरेतून सुटते. तरीही कोणी नाव सांगितलेच, तर त्या पात्राला मारू नये आणि फाशांवरही सोडू नये. पात्रपत्रिकेवरचे (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरचे) नाव खेळाडूलाच खोडायला लावावे आणि ते परत मिळवणे हाच पुढचा प्रवास करावा.