'वधू'ची 'वघू' होते तेव्हा: लग्नपत्रिकेचा नक्षीदार फॉन्ट निवडताना या चुका टाळा

मरून कागद, सोनेरी फॉईल, मधोमध मोठ्या वळणदार अक्षरांत 'शुभविवाह'. डिझाइन करणाऱ्या मुलीने हौसेने अख्ख्या शब्दावरून एक सलग रेघ ओढली होती आणि दोन्ही टोकांना वेलबुट्टी सोडली होती. दिसायला झकास. फक्त वाचायला गेलं की तो 'शुमविवाह' झाला होता, आणि खाली 'वधू'ची 'वघू'. घरच्या मंडळींनी व्हॉट्सॲपवर ते प्रूफ 'मस्त!' म्हणून पास केलं होतं.

चूक नजरेतून सुटली याचं नवल नाही. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेतल्या एका फटीवर तगून असतो. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावरची रेघ अर्धीच असते, डावीकडे अक्षर उघडं राहतं. साध्या फॉन्टमध्ये ती फट स्वच्छ दिसते, शिवाय डावीकडची गाठही मदतीला असते. नक्षीदार फॉन्टमध्ये गाठीचा आधीच वेल झालेला असतो. त्यावर फट बुजवली की अक्षरच बदलतं. म्हणजे माधव, धनश्री, भाग्यश्री, शुभम अशी नावं असली तर आधी तिथे बघायचं. 'ख'चंही तसंच. त्याचे दोन भाग खालून जोडलेले नसतील तर 'खरे' आडनावाचे लोक 'रवरे' होतात.

पत्रिका, नाटकाची जाहिरात, दुकानाची पाटी, कशासाठीही वळणदार देवनागरी फॉन्ट निवडताना जे घोटाळे होतात त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. आपण फॉन्टचा नमुना बघून फॉन्ट निवडतो. नमुन्यात काय लिहायचं हे फॉन्टवाल्याने ठरवलेलं असतं, आणि तो आपली सोयीची अक्षरंच पुढे करणार. तुम्हाला छापायचं असतं ते गोऱ्हे आणि कुऱ्हाडे यांच्या घरचं कार्य.

म्हणून पहिलं काम: वर-वधूची, आई-वडिलांची नावं, गावाचं नाव आणि कार्यालयाचं नाव, सगळं त्या फॉन्टमध्ये टाइप करून बघा. त्यातच 'सौभाग्यकांक्षिणी', 'चिरंजीव', 'शुभाशीर्वाद', 'श्रीकृपेकरून', 'हृषीकेश', 'ज्ञानेश्वर', 'ॲड.' आणि 'कार्याध्यक्ष' एवढे शब्द घाला. 'शुभाशीर्वाद' मुद्दाम सांगतो. दीर्घ वेलांटीच्या लगेच पुढच्या अक्षरावर रफार येतो आणि वळणदार फॉन्टमध्ये ते दोघे एकमेकांच्या डोक्यात शिरतात. 'चतुर्थी'मध्ये तर एकाच अक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही असतात, 'मूर्ती'तही तेच. गणपतीच्या वर्गणीच्या पुस्तकापासून फ्लेक्सपर्यंत हा गुंता दर भाद्रपदात दिसतो.

मराठीचा खास सापळा म्हणजे ऱ्य आणि ऱ्ह. मराठीचा विचार न करता काढलेल्या बऱ्याच फॉन्टांत हा अर्धा र नसतो. मग तीन गोष्टी होऊ शकतात. एक, नुक्त्याचा र आणि त्याखाली पाय मोडलेला दिसतो. दोन, रफार होतो आणि 'आचाऱ्यांचे' हे 'आचार्यांचे' होऊन बसतं. लग्नात दोघेही असतात, पण बिदागी वेगवेगळी. तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी: सॉफ्टवेअर गुपचूप तेवढंच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतं. शब्द वाचता येतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण नक्षीच्या मध्येच एक सरळसोट अक्षर परक्यासारखं उभं असतं. तपासायला सोपी युक्ती आहे. शब्द भरपूर मोठा करा आणि रेषेची जाडी बघा. उसनं अक्षर जाडीवरून लगेच ओळखू येतं. 'ॲ', '₹' आणि दुहेरी दंड '॥' यांनाही हीच तपासणी लावा. ₹ हे चिन्ह 2010 सालचं आहे, त्याआधीच्या फॉन्टांत ते असणारच कसं? आणि मंगलवचनाच्या दोन्ही बाजूंना दंड म्हणून कीबोर्डवरच्या दोन उभ्या रेघा ठोकू नका. त्या वेगळ्या उंचीच्या असतात आणि वेगळ्याच दिसतात.

ल आणि श हा आवडीचा प्रश्न नाही, वाचणाऱ्याच्या सवयीचा आहे. राज्य शासनाच्या वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे. आपली शाळा त्यावरच झाली. हिंदीच्या वळणाचा दांडीवाला ल पत्रिकेत आला की काकू म्हणतात, 'काहीतरी परकं वाटतंय', पण काय ते त्यांना सांगता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही ल एकाच क्रमांकाचे आहेत, रूप कोणतं दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. मुक्तासारख्या काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्यावर मराठी रूप येतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅरॅक्टर पॅनेलमधली भाषा एकदा बघून घ्या. अनेकदा ती इंग्रजी किंवा हिंदीवरच राहिलेली असते.

आकड्यांसाठी मात्र माझा सरळ नियम आहे: तारीख नक्षीत चालेल, मोबाइल नंबर कधीच नाही. वळणदार फॉन्टमधले १ आणि ९ सख्खे भाऊ असतात. दहापैकी एक आकडा चुकला तर पाहुणे चुकीच्या घरी फोन करतात. नंबर, पत्ता आणि मुहूर्ताची वेळ साध्या फॉन्टमध्ये.

शेपट्यांबद्दल

वळणदार फॉन्टमध्ये एकेका अक्षराची दोन-चार रूपं असतात. लांब वेलांटी, खाली झेपावणारा उकार, शेवटच्या कान्याला फुटलेला फाटा. जुन्या फॉन्टांत ती वेगवेगळ्या कळांवर असायची, आताच्या ओपनटाइप फॉन्टांत ग्लिफ पॅनेलमध्ये सापडतात. सापडली की सगळी वापरावीशी वाटतात, आणि तिथेच घोळ होतो. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, तो सोडवायला ओळींतलं अंतर वाढवावं लागतं, मग पत्रिकेत मजकूर मावत नाही, मग मजकुराचा आकार कमी होतो, आणि आजोबांना चष्मा लावूनही काही वाचता येत नाही.

कमल शेडगे यांची नाटकांची किंवा मासिकांची अक्षरं पाहिली तर लक्षात येतं की करामत बहुधा एका ठिकाणी असते, बाकीची अक्षरं तिला वाट करून देतात. अर्थात ते हातानं काढलेलं अक्षरांकन. एकच शब्द, त्या शब्दापुरताच घडवलेला. फॉन्टला ती चैन नाही, त्यातलं अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी उभं राहावं लागतं. तेव्हा एका नावात एकच शेपटी, तीही शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी. मधल्या अक्षराला फाटा फोडला की तो शेजाऱ्याचा काना वाटायला लागतो. आणि पूर्ण पत्रिकेत नक्षीदार फॉन्ट तीनच जागी: मथळा, वराचं नाव, वधूचं नाव; फार तर तारीख. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'पासून पुढचं सगळं मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी अशा वाचनीय फॉन्टमध्ये घाला. दोन वळणदार फॉन्ट एकत्र आणू नका. दोन सनईवाले एकाच वेळी वेगवेगळे राग वाजवतायत असं वाटतं.

शिरोरेषा तुटते, त्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. कारणं थोडी आहेत.

नाव रुंद दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवला तरी हेच होतं. अंतर शून्यावर आणा आणि आकार वाढवा. तुटलेल्या जागी वरून पट्टी डकवण्याचा जुगाड करू नका. त्या पट्टीनंच 'शुभ'चा 'शुम' होतो.

नाव कमानीत बसवलं असेल तर प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे कलतं आणि सांध्यासांध्याला पाचर मारल्यासारखी फट पडते. अशा वेळी मजकूर कमानीच्या रेषेवर चढवू नका. आधी कर्व्ह करा, म्हणजे मजकुराचं आकृतीत रूपांतर करा, सगळी अक्षरं एकत्र जोडा आणि मग एन्व्हलप या वाकवण्याच्या सोयीने वाकवा. सबंध शब्द एक तुकडा म्हणून वाकतो.

बाह्यरेषा दिली आणि प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभ्या चिरा दिसायला लागल्या? फॉन्टमध्ये शेजारची शिरोरेषा किंचित एकमेकींवर चढलेली असते, ती बाह्यरेषेमुळे उघडी पडते. कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट, मग बाह्यरेषा. रेडियम कापणाऱ्याकडे फाइल देणार असाल तर हे विसरूच नका. त्याचं मशीन त्या प्रत्येक सांध्यावर पातं फिरवतं.

वेलांटी पळते, अक्षरांचा चिवडा होतो

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि जोडाक्षरांचे पाय मोडून दिसले, तर बहुतेक वेळा दोष फॉन्टचा नसतो. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर (कंपोझर म्हणजे ओळीत अक्षरं जुळवणारी सोय) किंवा त्या अर्थाचा पर्याय निवडावा लागतो. नेहमीच्या कंपोझरला ही जोडणी येत नाही.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टांचा. डीटीपीच्या जगात श्रीलिपी, कृतिदेव या वळणाचे फॉन्ट अजून धडधाकट आहेत, आणि नक्षीदार अक्षरांचा मोठा साठा अशाच युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे. त्यांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर चिकटवून तो फॉन्ट लावला तर काहीच बदलत नाही, आणि उलट दिशेने, ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतरानंतर रफार, ऱ्ह आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा. गडबड तिथेच होते. कॅन्व्हावर किंवा वेबपानावर काम असेल तर सरळ युनिकोड फॉन्ट घ्या: अमिता, तिलाना, यात्रा वन, कलम, जैनी. यात्रा वन मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे, जैनी कल्पसूत्राच्या जैन हस्तलिखितांच्या वळणावर बेतलेला. जैनी काढणाऱ्या 'एक टाइप' या फॉन्ट-संस्थेचाच 'मोदक' फॉन्टही मला फार आवडतो, पण तो नावासारखाच गुबगुबीत आहे. लहान आकारात त्यातल्या पोकळ्या मिटतात आणि ओळीभर मोदकच दिसतात.

हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामाला चालतात. इतर ठिकाणाहून 'मोफत' म्हणून उतरवलेल्या फॉन्टसोबतची परवान्याची फाइल वाचा. 'वैयक्तिक वापरापुरतं मोफत' असं लिहिलं असेल तर दुकानाच्या बोधचिन्हाला तो चालत नाही.

छपाईवाल्याला आधी विचारा

पडद्यावर रेशमासारखी दिसणारी बारीक रेघ खरबरीत कागदावर फॉईलमध्ये अर्धवट उठते, आणि बारीक वेटोळी भरून जातात. स्क्रीन प्रिंटिंगमध्येही बारीक रेघा आधी मार खातात. पाव पॉइंटाखालची रेघ मी कुठेच ठेवत नाही, फॉईलला त्याहून जाड. गडद कागदावर पांढरी किंवा सोनेरी अक्षरं असतील तर आणखी थोडी. फॉन्टच्या दोन-तीन जाड्या असतील तर पत्रिकेसाठी पडद्यावर आवडलेल्या जाडीच्या पुढची निवडा. जाडी नसेल तर सॉफ्टवेअरचं खोटं बोल्ड लावू नका. त्यानं वेटोळी बुजतात.

लेझर कटिंगची गंमत वेगळी. इथे शिरोरेषा देवासारखी धावून येते, सगळी अक्षरं तिला लटकून राहतात. पण अनुस्वाराला कोणाचाच आधार नसतो. कापताना तो टिंब खाली पडतो आणि 'गंगा'ची 'गगा' होते. अनुस्वार शिरोरेषेला टेकवा, किंवा नक्षीतच त्याला एखादं देठ द्या.

रोमन बाजूसाठी दोनच गोष्टी. जोडलेल्या वळणदार फॉन्टमध्ये सगळी मोठी अक्षरं लिहू नका, नाव वाचताच येत नाही. आणि बोरूचा काप रोमन निबेच्या उलट दिशेचा असल्यामुळे जाड-बारीक रेषांची दिशा दोन लिप्यांत जुळत नाही. दोन्हीकडे झिरझिरीत नक्षी करण्यापेक्षा एक बाजू साधी ठेवलेली बरी.

प्रूफ प्रत्यक्ष आकारात साध्या कागदावर काढा आणि ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. घरच्यांना नावं पाठ असतात, ते अक्षरं वाचतच नाहीत. मगच कर्व्ह करून छापायला द्या, आणि कर्व्ह न केलेली फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. मुहूर्ताची वेळ बदलल्याचा फोन बहुधा प्रूफ पास झाल्यावरच येतो.