लॉन ट्रॅक्टरची पुढची चाकं फेंगडी दिसतात?

टाय रॉडला (पुढची चाकं एकमेकांना जोडून वळवणाऱ्या दांड्याला) पाना लावायची घाई करू नका. आधी दोन्ही पुढच्या टायरमधली हवा सारखी करा. किती भरायची ते मॅन्युअलमध्ये बघा; टायरच्या कडेवरचा आकडा सहसा कमाल मर्यादेचा असतो. मग स्पार्क प्लगची वायर काढा, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून खाली पक्का टेकू द्या आणि चाक दोन्ही हातांनी हलवून पाहा. खडखडत असेल तर चाकाचा किंवा स्पिंडलचा (चाक ज्यावर बसतं त्या दांड्याचा) बुश, म्हणजे आतली नळी झिजलीय, नाहीतर बॉल जॉइंट (रॉडच्या टोकाचा गोल सांधा) गेलाय. तो भाग बदलल्याशिवाय अलाइनमेंट (चाकांची सरळ जुळणी) टिकणारच नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दोष इथेच सापडतो. झाडाच्या बुंध्याला धडक बसली असेल तर रॉड वाकलाय का, तेही बघा.

सगळं घट्ट असेल तरच माप घ्या. ट्रॅक्टर सपाट जागी आणा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि हातभर पुढे ढकला. हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर दोन्ही टायरच्या मध्यरेषांमधलं अंतर पुढून मोजा, मग मागून. पुढचं अंतर साधारण ३ ते ६ मिमी कमी हवं. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर लांबी वाढवल्यावर चाकं पुढून जवळ येतात, रॉड पुढे असेल तर उलट. लॉकनट (रॉड जागेवर धरणारा नट) सैल करून अर्धा-अर्धाच फेरा द्या, दर वेळी ट्रॅक्टर ढकलून पुन्हा मोजा. काही मॉडेलना असा फिरवायचा रॉडच नसतो; तिथे वाकलेला भाग बदलणं एवढाच उपाय.