नाशिकमध्ये शाळासोबती आणि जुन्या रहिवाशांचा दोन दिवसांचा स्नेहमेळावा कसा भरवावा

स्नेहमेळाव्याचा विषय निघाला की पहिली चर्चा हॉलची आणि जेवणाची होते. वास्तविक या दोन्ही गोष्टी नाशिकमध्ये पैसे मोजले की मिळतात. अवघड असते ते माणसे शोधणे. म्हणून कामाची सुरुवात यादीपासून करावी आणि त्यासाठी किमान सहा महिने हाताशी ठेवावेत.

पहिली पायरी: यादी

आपल्या तुकडीचा हजेरीपट किंवा दहावीच्या वेळचा वर्गाचा फोटो ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडून तो मिळवून प्रत्येक चेहऱ्यासमोर त्या वेळचे पूर्ण नाव लिहावे. मुलींच्या बाबतीत हे विशेष काळजीने करावे लागते, कारण लग्नानंतर आडनाव आणि पुष्कळदा पहिले नावही बदललेले असते; त्यामुळे यादीत माहेरच्या नावाचा रकाना पहिला आणि सासरच्या नावाचा रकाना दुसरा ठेवावा. मैत्रिणींना शोधण्याचे काम मुलांवर सोपवल्यास ते अर्धवट राहते. वर्गातल्या दोघी-तिघींनी ते अंगावर घेतले, तर भाऊ, वहिनी, जुन्या गल्लीतल्या काकू अशा वाटेने नावे सापडत जातात.

शाळेऐवजी वसाहतीचा मेळावा भरवायचा असेल, तर अडचण वेगळी असते. नाशिकरोडची नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसची क्वार्टर्स, ओझरची एचएएलची (विमान कारखान्याची) टाउनशिप, एकलहऱ्याच्या वीज केंद्राची वसाहत येथे वाढलेल्या मुलांचे घर वडिलांच्या निवृत्तीबरोबर सुटले आणि शहराशी असलेला पत्ताच संपला. अशा वेळी इमारत आणि मजल्याप्रमाणे यादी करावी. ‘आमच्या वरच्या मजल्यावर कोण राहत होते’ हा प्रश्न विचारला, की माणसांना आडनावांपेक्षा अधिक आठवते, आणि एका जिन्यातली चार घरे सापडली तर पाचवे घर ती चारच शोधून काढतात.

कोणाचाही नंबर मिळाला की त्याला परस्पर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेऊ नये. आधी एकाने फोन करावा, विचारावे आणि होकार आल्यावरच नाव जोडावे. काहींना यायचे नसते, काहींना शाळेची वर्षे आठवायचीही नसतात. एकदा नकार आला की दुसऱ्याने पुन्हा फोन करून आग्रह धरू नये. निधन पावलेले सोबती आणि शिक्षक यांची नोंदही याच टप्प्यावर करून ती दोघांकडून पडताळून घ्यावी, कारण हयात व्यक्तीचे नाव श्रद्धांजलीत वाचले जाण्यासारखा प्रसंग कोणत्याही मेळाव्यात ओढवू नये.

दुसरी पायरी: तारीख

डिसेंबर आणि जानेवारी हे नाशिकचे उत्तम महिने होत. थंडी असते आणि द्राक्षांचा हंगाम सुरू होत असतो. मात्र याच काळात लग्नांचे मुहूर्त असतात, त्यामुळे पंचांग पाहून दाट मुहूर्ताचे शनिवार-रविवार टाळावेत. नाहीतर गंगापूर रोडच्या लॉन्सचे भाडे वाढते आणि शेजारच्या वरातीच्या आवाजात आपले बोलणे बुडून जाते. पावसाळ्यात शहर देखणे दिसते, पण गोदावरीला पूर आला की घाटावरचे कार्यक्रम बारगळतात, आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावर बेत बदलावे लागतात. श्रावणी सोमवारला लागून येणाऱ्या रविवारी त्र्यंबकच्या रस्त्याला गर्दी असते. 2027 मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे आणि मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. त्या सुमारास राहण्याची सोय करण्याचा विचारही करू नये.

रंगपंचमीला मेळावा घ्यावा, असे कोणीतरी हमखास सुचवते. जुन्या नाशिकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात, तिवंध्याच्या रहाडीत उडी मारलेला माणूस ती आयुष्यभर विसरत नाही, हे सारे खरे आहे. परंतु त्या दिवशी साठीतल्या पन्नास माणसांना एकत्र ठेवणे, भिजलेल्या कपड्यांनी जेवायला बसवणे आणि शिक्षकांचा सत्कार करणे एका वेळी जमत नाही. ज्यांना रहाडीचे वेड आहे त्यांनी त्यासाठी स्वतंत्रपणे यावे.

तिसरी पायरी: पैसे

वर्गणी ठरवण्यापूर्वी हॉल, जेवण, वाहने आणि सत्काराचे साहित्य यांचे अंदाज लेखी घ्यावेत आणि त्यांत दहा टक्के वाढ धरावी. रक्कम दोघांच्या संयुक्त खात्यात जमा करावी. एकाच्या वैयक्तिक खात्यात पैसे गोळा झाले, की पुढे तो कितीही प्रामाणिक असला तरी कुजबुज होते. किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पहिल्याच निरोपात लिहावे. वर्गात सर्वांची परिस्थिती सारखी नसते, हे आयोजकांनी विसरू नये. ज्याला वर्गणी जड जाईल त्याची व्यवस्था खजिनदार आणि आणखी एकजण यांच्यापुरतीच ठेवावी, आणि कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर कधीही टाकू नये.

चौथी पायरी: येणे आणि राहणे

मुंबईकरांसाठी शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस सोयीची आहे. पुण्याहून नाशिकला थेट रेल्वेमार्ग नसल्याने पुणेकर बसने किंवा गाडीने येतील, त्यांना सिन्नरपासून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंतच्या वाहतुकीची कल्पना आधीच द्यावी. नाशिकरोड स्टेशनपासून जुने शहर सुमारे नऊ-दहा किलोमीटर दूर आहे, हे वीस वर्षे बाहेर राहिलेले लोक विसरतात. म्हणून रात्री उशिरा उतरणाऱ्यांची यादी करून एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवावा. सर्वांची राहण्याची सोय शक्यतो एकाच हॉटेलात करावी. खऱ्या गप्पा रात्री साडेअकरानंतर हॉटेलच्या व्हरांड्यात रंगतात, आणि ज्यांना नातेवाइकांकडे उतरवले जाते ते त्यांना नेमके मुकतात.

पाचवी पायरी: शनिवार

शनिवार केवळ सोबत्यांसाठी ठेवावा आणि कुटुंबीयांना रविवारी बोलवावे. नवरा किंवा बायको शेजारी बसली, की माणूस जुन्या टोपणनावाला ओ देत नाही.

शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे तारीख, वेळ आणि अंदाजे संख्या लिहून महिनाभर आधी अर्ज द्यावा व संस्थेच्या कार्यालयातही त्याची प्रत पोचवावी. शाळा भरलेली नसेल अशीच वेळ मागावी. वर्गात बसल्यावर भाषणांआधी हजेरी घ्यावी, आणि ती आपल्या शिक्षकांपैकी कोणीतरी घ्यावी. नावे जुन्या क्रमाने, माहेरच्या आडनावांसह वाचली जातात. पन्नाशीतला बँकेचा व्यवस्थापक बाकावरून उठून ‘हजर, सर’ म्हणतो, आणि मग एखाद्या नावाला उत्तर येत नाही. निधन झालेल्यांची नावे हजेरीतून गाळू नयेत. ती वाचून क्षणभर थांबावे; त्यानंतर श्रद्धांजलीची वेगळी भाषणे लागत नाहीत.

शिक्षकांची व्यवस्था हा या दिवसाचा सर्वांत नाजूक भाग आहे. बहुतेकांनी ऐंशी ओलांडलेली असते. प्रत्येक शिक्षकामागे एका माजी विद्यार्थ्याची नेमणूक करावी. घरून आणणे, जिना चढावा न लागेल अशी बैठक, जवळ स्वच्छतागृह, वेळेवर औषध आणि पथ्याचे जेवण, थकवा दिसताच घरी पोचवणे ही कामे त्याने इतर कशातही न गुंतता करावीत. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम अर्ध्या तासात संपवावा. शिक्षकांना बोलण्याचा आग्रह जरूर करावा, परंतु विद्यार्थ्यांच्या मनोगतांना आवर घालावा. प्रत्येकी दोन मिनिटे असे ठरवून माइक दिला तरी तो सात मिनिटांनी परत येतो, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

सामूहिक छायाचित्र शनिवारी उजेड असतानाच काढावे. रविवारवर ठेवल्यास चौथा हिस्सा लोक तोवर निघून गेलेले असतात. संध्याकाळच्या जेवणात मद्य असेल की नाही, हेही आधीच ठरवून सर्वांना कळवावे. द्राक्षांच्या आणि वाइनच्या गावात हा प्रश्न निघतोच, आणि ऐनवेळी निघाला तर दोन तट पडतात. माझे मत विचाराल, तर शिक्षक आणि मैत्रिणी असलेल्या मुख्य जेवणात ते नसावे.

सहावी पायरी: रविवार

सकाळी मिसळ, हे सांगण्याची गरज नाही. गरज आहे ती आधी कळवण्याची, कारण रविवारी चांगल्या मिसळीच्या ठिकाणी रांग असते आणि साठ माणसे न सांगता गेली तर दोन तास तिथेच जातात. मखमलाबाद किंवा गंगापूरच्या बाजूला मोकळ्या जागेत चुलीवरची मिसळ मिळते. पाव, पापड, दही आणि शेवटी जिलेबी असा बेत ठरवून संख्या दोन दिवस आधी सांगावी. तिखट चालत नसलेल्यांसाठी रस्सा वेगळा मागावा आणि त्या दिवशी एकादशी नाही ना, तेही पाहून घ्यावे.

त्यानंतर ज्यांना चालवते त्यांनी रविवार कारंजावरून चांदीच्या गणपतीला नमस्कार करून सराफ बाजारातून गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, उतरावे. रामकुंड, नंदी नसलेले कपालेश्वर, पलीकडे काळाराम मंदिर एवढा फेरा रमतगमत दीड तासात होतो. बरोबर परगावची सून-मुले असतील, तर 1930 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच दारात झाला, हे त्यांना आवर्जून सांगावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मोटारीने पांडवलेणीच्या पायथ्याचे फाळके स्मारक पुरे आहे; लेण्यांच्या पायऱ्या चढण्याचा आग्रह धरू नये. दुपारचे जेवण साधे ठेवून तीनपर्यंत सर्वांना मोकळे करावे, म्हणजे ज्यांना जुने घर, गल्ली किंवा एखादे नातलग गाठायचे आहेत त्यांना वेळ मिळतो. या तासांत आयोजकांनी कोणताही कार्यक्रम घुसवू नये.

सातवी पायरी: हिशेब

आठ दिवसांच्या आत जमाखर्च बिलांच्या प्रतींसह ग्रुपवर टाकावा. रक्कम शिल्लक राहिल्यास आणि शाळेला काही द्यायचे असल्यास, काय हवे ते शाळेलाच विचारावे. चकचकीत ट्रॉफी कपाटाऐवजी मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती अधिक उपयोगी पडेल, आणि त्यावर वर्गाच्या नावाची पाटी नसली तरी चालेल. देणगीची पावती संस्थेकडून घ्यावी. शेवटी, सर्वांचे फोन आणि पत्ते असलेली दुरुस्त यादी नाशिकमध्ये राहणाऱ्या दोघांकडे सोपवावी आणि कोणाचा नंबर बदलला तर तो त्यांनाच कळवावा, असे सर्वांना सांगून ठेवावे.