संघ सुधारला की नुसता तसा दिसला? कॉलेज फुटबॉलचे आकडे वाचताना या चुका टाळा

ऑगस्ट २०२२ मध्ये मी ओळखीच्या प्रत्येकाला अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाबद्दल सांगत होतो, "नेब्रास्का यंदा किमान आठ सामने जिंकणार." माझ्याकडे आकडे होते, आणि ते खरे होते. तरीही संघ चारच सामने जिंकला. तेव्हापासून मोसम संपला की मी जुन्या-नव्या निकालांचा तक्ता मांडून बसतो आणि आपण कुठे चुकलो होतो ते शोधतो. त्यातून हाती लागलेलं इथे मांडतोय. मुलं अमेरिकेत शिकायला गेल्यामुळे किंवा स्वतः तिथे राहत असल्यामुळे या खेळात गुंतलेले मराठी वाचक आता बरेच आहेत. त्यांच्या ते उपयोगी पडेल.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल. चार प्रयत्नांत (एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात) दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नेहमीच्या मोसमात संघाला बारा सामने मिळतात, आणि सगळी गडबड इथूनच सुरू होते. बारा हा आकडा फारच लहान आहे. एक सामना विचित्र झाला तरी वर्षाची सरासरी हलते.

नुसतं जिंकले-हरले पाहणं

२०२१ मध्ये नेब्रास्काने ३ सामने जिंकले आणि ९ गमावले. २०२२ मध्ये ४ जिंकले, ८ गमावले. म्हणजे संघ सुधारला? आता गुण बघा. २०२१ मध्ये संघाने ३३५ गुण केले आणि २७२ दिले, म्हणजे ६३ गुणांची आघाडी. २०२२ मध्ये २७१ केले आणि ३३१ दिले, म्हणजे ६० गुणांची पिछाडी. विजय एकाने वाढला आणि गुणफरक १२३ गुणांनी घसरला. गुणतक्त्यातल्या विजयांच्या रकान्याकडेच पाहणाऱ्याला यातलं काहीही दिसलं नसतं.

गुणफरकावर डोळे झाकून विश्वास ठेवणं

माझी चूक ही होती, म्हणून इथे जरा थांबतो.

केलेल्या आणि दिलेल्या गुणांवरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते, हे काढायचं एक सूत्र आहे. बेसबॉलसाठी ते बिल जेम्स यांनी मांडलं. फुटबॉलला ते लावताना घातांक साधारण २.३७ धरतात. २०२१ च्या नेब्रास्काला ते लावलं की बारापैकी जवळपास साडेसात विजय येतात. जिंकले तीन. मी म्हटलं, नशीब फुटकं होतं, पुढच्या वर्षी भरपाई होईल.

मी एकेक सामना उघडून पाहिलाच नव्हता. तीन विजय होते फोर्डहॅमवर ५२-७, बफेलोवर २८-३ आणि नॉर्थवेस्टर्नवर ५६-७. या तीन सामन्यांतच ११९ गुणांची कमाई झाली. उरलेल्या नऊ पराभवांत मिळून ५६ गुण गेले. त्यातही फोर्डहॅम खालच्या श्रेणीतला, एफसीएसमधला संघ. तो एक सामना वगळला की तेच सूत्र अकरापैकी सहाच्या आसपास विजय दाखवतं. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको: दुबळ्या संघाला एकदा चिरडलं की नेट रनरेट फुगतो, आणि त्या फुगवट्याने पुढचा अटीतटीचा सामना जिंकता येत नाही.

म्हणून एफसीएस प्रतिस्पर्ध्याचा सामना आधी बाजूला काढा. मग निकाल ठरून गेल्यानंतरचा खेळ काढा. चौथ्या क्वार्टरमध्ये चाळीस गुणांची आघाडी असताना दोन्हीकडची राखीव मुलं खेळतात. त्यांचे यार्ड मुख्य संघाच्या खात्यात जमा होतात आणि सरासरीत मिसळून जातात.

थोडक्यात हरणं म्हणजे नुसतं दुर्दैव, असं धरणं

२०२१ चे नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी झाले. एका टचडाउनने (चेंडू विरोधी गोललाइनपार नेऊन) आणि त्यानंतरच्या जादा गुणांनी भरून निघणारे, म्हणजे आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे सामने मोजले तर नेब्रास्का ०-८. आठपैकी एकही जिंकता न येणं हे बरंचसं नशीब असतं, आणि असं नशीब सहसा टिकत नाही. हा नियम खोटा नाही. २०२२ मध्ये अशा सामन्यांत संघ २-५ राहिला. नशीब थोडं सावरलं खरं, पण तोवर संघाची मूळ ताकदच खचली होती.

शिवाय ते सगळं नशीब होतं का? इलिनॉयविरुद्ध आपल्या गोललाइनजवळ पंट (समोरच्या संघाने लाथेने लांब उडवून दिलेला चेंडू) झेलण्यातल्या गोंधळातून दोन गुण गेले. ओक्लाहोमाविरुद्ध टचडाउननंतरच्या एक्स्ट्रा पॉइंटची किक अडवली गेली, आणि चेंडू थेट दुसऱ्या टोकाला नेऊन त्यांनी दोन गुण घेतले. मिशिगन स्टेटने शेवटच्या मिनिटांत पंट परतवून टचडाउन केला आणि सामना बरोबरीत आणला. ओव्हरटाइममध्ये नेब्रास्का हरला. आयोवाने पंट अडवून टचडाउन केला. चार वेगळे सामने आणि दुखणं एकच, ते म्हणजे स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी मैदानात उतरणारा विभाग. याला दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. पराभव निसटता असेल तर निर्णायक क्षण कोणत्या विभागात आला ते लिहून ठेवा. तोच विभाग तीनदा आला की ती त्या संघाची सवय समजा.

उलट बाजूने टेक्सास ख्रिश्चन, म्हणजे टीसीयूचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये ५-७. २०२२ मध्ये १३-२ आणि थेट राष्ट्रीय अंतिम सामना. त्या वाटेवर बेलरवर २९-२८, टेक्सासवर १७-१०, मिशिगनवर ५१-४५ असे निसटते विजय होते. अंतिम सामन्यात जॉर्जियाने त्यांना ६५-७ ने हरवलं. २०२३ मध्ये संघ पुन्हा ५-७.

माणसं बदलली हे विसरणं

आकडे गेल्या वर्षीच्या खेळाडूंचे असतात. २०२१ नंतर नेब्रास्काचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, चढाई चालवणारा खेळाडू) एड्रियन मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला. सेंटर कॅम जर्गन्स आणि कॉर्नरबॅक कॅम टेलर-ब्रिट एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेले. ऑफेन्सचे (चढाईचे) चार सहायक प्रशिक्षक मोसम संपण्याआधीच काढले गेले होते. मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट २०२२ च्या तिसऱ्या सामन्यानंतर गेले. मग मी सूत्रात घातलेले ३३५ गुण नेमके कोणाचे होते? ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ मध्ये पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याची वर्षभर बाहेर बसण्याची अट उठली. त्यानंतर हा प्रश्न दर वर्षी विचारावाच लागतो.

प्रतिस्पर्ध्याला गेल्या वर्षीच्या नावाने ओळखणं

कोलोरॅडो २०२२ मध्ये १-११ होता. सप्टेंबर २०२३ मध्ये डीऑन सँडर्स यांच्या हाताखाली पहिल्याच सामन्यात त्यांनी टीसीयूला ४५-४२ ने हरवलं. उपविजेत्याला हरवलं म्हणून देशभर गाजावाजा झाला. पुढच्याच आठवड्यात नेब्रास्काही ३६-१४ ने हरला, आणि ते पाहताना मलाही वाटलं की हा संघ वर्षभरात कुठल्या कुठे पोहोचला. पण ते टीसीयू आता उपविजेत्याच्या तोडीचं राहिलंच नव्हतं. कोलोरॅडोने मोसम ४-८ वर संपवला. तीही सुधारणाच, पण सप्टेंबरमध्ये वाटली तेवढी नाही. पहिल्या महिन्यातल्या विजयांचं वजन नोव्हेंबरमध्ये पुन्हा करा.

आकडा कसा मोजला हे न पाहणं

हे थोडक्यात सांगतो. कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला, की ते गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये तसं होत नाही. समजा, संघाने ३० वेळा चेंडू घेऊन धावून १५० यार्ड काढले आणि ४ सॅकमध्ये ३० गमावले. नोंद होते ३४ वेळा धावून १२०, म्हणजे पाचची सरासरी साडेतीनवर येते. दोष पास ब्लॉकिंगचा (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्यांचा), नाव खराब रनिंग बॅकचं (चेंडू घेऊन धावणाऱ्याचं).

२०२३ पासून फर्स्ट डाउननंतर (दहा यार्ड पूर्ण होऊन नवे चार प्रयत्न मिळाल्यावर) घड्याळ थांबत नाही. अपवाद फक्त प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांचा. त्यामुळे सामन्यातले प्ले, म्हणजे खेळले जाणारे प्रयत्न, कमी झाले. २०२२ आणि २०२३ चे एकूण यार्ड शेजारी ठेवलेत तर संघ उगाच घसरलेला वाटेल. यार्ड प्रति प्ले बघा.

ओव्हरटाइमचे गुणही सरासरीत जातात. २०१८ मध्ये टेक्सास ए अँड एमने एलएसयूला (लुइझियाना स्टेट) सात ओव्हरटाइमनंतर ७४-७२ ने हरवलं. ठरलेल्या वेळेत बरोबरी ३१-३१ अशी होती. एलएसयूच्या डिफेन्सने वर्षभरात १३ सामन्यांत दिलेल्या गुणांची सरासरी त्या ४३ जादा गुणांनीच तीनहून अधिकने वाढली.

मग पाहायचं काय?

मी आता दोन वर्षांतले समान प्रतिस्पर्धी आधी काढतो. नेब्रास्काचे २०२१ आणि २०२२ मध्ये असे आठ होते: नॉर्थवेस्टर्न, इलिनॉय, मिनेसोटा, पर्ड्यू, मिशिगन, विस्कॉन्सिन, आयोवा आणि ओक्लाहोमा. पहिल्या वर्षी त्यांच्याविरुद्ध एकूण फरक +५, दुसऱ्या वर्षी -९३. नॉर्थवेस्टर्नचा तो ५६-७ खटकतो म्हणून तो संघ दोन्हीकडून काढला तर -४४ आणि -९०. कसंही मोजा, उतारच दिसतो. त्याच्या खाली मी लिहितो की याच २०२२ मध्ये आयोवावर २४-१७ असा विजयही मिळाला. तो खोडून टाकायचा नाही.

दुसरं, सक्सेस रेट. पहिल्या डाउनला गरजेच्या निम्मे यार्ड, दुसऱ्याला सत्तर टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर तो प्ले यशस्वी. एखाद्या ७५ यार्डांच्या धावेने हा आकडा फुगत नाही, म्हणून तो मला आवडतो. तिसरं, टर्नओव्हर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणं. इंटरसेप्शनमध्ये (प्रतिस्पर्ध्याने पास झेलण्यात) क्वार्टरबॅकचा हात असतो, पण फम्बल होऊन जमिनीवर सुटलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे जवळपास छापा-काटाच. म्हणून फम्बल किती झाले ते मोजा. त्यातले किती परत मिळाले त्यावर मत बनवू नका.

या तीन ओळी एकाच दिशेला गेल्या तरच मी "सुधारला" असं लिहितो. एक इकडे आणि दोन तिकडे गेल्या तर रकाना रिकामा ठेवतो आणि पुढच्या मोसमातले कॉन्फरन्समधले (आपल्या गटातल्या संघांशी होणारे) पहिले चार-पाच सामने होईपर्यंत वाट बघतो.