कुंपणालगतची उभी हायड्रोपोनिक बाग: या चुका टाळा

पानं पिवळी पडली की पहिला हात जातो तो खताच्या बाटलीकडे. उभ्या हायड्रोपोनिक बागेत, म्हणजे मातीशिवाय, टाकीतून पंपाने पाइपांत फिरवलेल्या खतपाण्यावर वाढणाऱ्या बागेत, ही घाई नडते, कारण दुखणं बहुतेक वेळा पाइपात, पंपात नाहीतर टाकीत असतं.

सगळा भार कुंपणावर टांगणं ही सुरुवातीचीच चूक. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. त्यात पाइप, वाढलेली झाडं आणि वाऱ्याचा जोर. जमिनीत पक्के रोवलेले वेगळे खांब घ्या, कुंपण नुसतं पाठीला राहू द्या.

आडव्या पाइपातून पाण्याचा पातळ थर वाहणार असेल, तर उतार दर मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर हवा. लांब पाइपाला मध्ये आधार नसला की तो झोळ खातो आणि तिथे पाणी तुंबतं.

पंपाच्या खोक्यावरचा ‘ताशी इतके लिटर’ हा आकडा शून्य उंचीचा असतो. उंची वाढते तसा प्रवाह घटतो आणि पंपाच्या कमाल उंचीला तो शून्यावर येतो. वरची रांग सुकतेय आणि खालची हिरवीगार आहे? आधी पंपाची जाळी साफ करा, मग उंचीचा हिशेब पाहा.

सर्वांत जास्त झाडं जातात ती मुळं कुजून. भर दुपारी पाणी असूनही झाड माना टाकत असेल, तर पाइपाच्या भोकात बसवलेला झाडाचा कप उचलून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरी, टणक असतात. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत लागतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. असं झाड काढून टाका, टाकी रिकामी करून घासा. यामागे असतं तापलेलं पाणी, कारण पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. १८ ते २२ अंश सेल्सिअस उत्तम. टाकी सावलीत ठेवा, जमिनीत अर्धी पुरली तर फारच छान. पाइप आणि टाकी अपारदर्शक हवी, रिकामी भोकं झाकलेली हवीत. उजेड शिरला की शेवाळ आलंच.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) मोजा. तो ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा; त्याच्या वर गेला की द्रावणात लोह असूनही झाडाला मिळत नाही. पीएच नेहमी खत मिसळल्यानंतरच जुळवा. खताची ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बाटल्यांत येणारी द्रावणं थेट एकमेकांत ओतू नका, कॅल्शियमचा साका खाली बसतो. दोन्ही पाण्यात वेगवेगळी घाला. उन्हात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून पातळी घटली आणि ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा) चढला, तर भर साध्या पाण्याची घाला.

वीज गेली की पाइपातलं सगळं पाणी टाकीत परततं. रोपं लावण्यापूर्वी पंप चालवा, मग एकदम बंद करा आणि टाकी ओसंडते का पाहा.