कामं ओहोटी बघून लावा (नवीन सरपंच आणि गटाच्या अध्यक्षांसाठी)

पाच वर्षं सरपंच होते, दापोली तालुक्यात, खाडीकाठचं गाव, सात वाड्या. आता नवीन निवडून आलेल्या बायका फोन करून हेच विचारतात, ताई दिवस कसा पुरवायचा? म्हणून मला जे जमलं ते एकदा नीट लिहितेय. बचत गट असो, मच्छीमार सोसायटी असो, माणसं सांभाळायची म्हटली की हे लागतंच.

पहिलं म्हणजे फोन किती वेळा वाजला यावरून कामाची घाई ठरवू नका. खडकावर कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला जाणारी बाई काय बघते? तिथी बघते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या आसपास ओहोटी. मग नऊ वाजता खडक उघडे असताना ती भांडी घासत बसत नाही, भांडी दुपारीही होतात. तसंच प्रत्येक कामाला विचारायचं, ह्याची ओहोटी कधी? आज राहिलं तर परत करता येईल का वेळ गेलीच?

वनराई बंधारा घ्या. पाऊस सरला की पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी वाहतं असतं, नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बांध घातला की पाणी अडतं, जवळच्या विहिरींना आधार होतो. पण तेव्हा विहिरी भरलेल्या असतात त्यामुळे बंधाऱ्यासाठी एकही फोन येत नाही. माझ्या पहिल्या वर्षी त्या महिन्यातल्या सगळ्या संध्याकाळी दाखले, पाखाडीवरचा (पायऱ्यांच्या वाटेवरचा) बंद पडलेला दिवा, दोन भावांचं गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) भांडण यातच गेल्या, आणि जानेवारीत गोण्या घेऊन गेलो तर पऱ्यात करंगळीएवढी धार. एप्रिलमध्ये एक दिवस सकाळी सहाला खालच्या वाडीतल्या बायका आल्या, बोलल्या काहीच नाहीत, माझ्या पडवीत कळश्या ओळीने मांडल्या आणि बसून राहिल्या. मला तेव्हा खूप वाईट वाटलं, आजही वाटतं. पुढची चारही वर्षं दिवाळी झाली की पहिला रविवार बंधाऱ्याचा.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात तातडीचं काम वेगळं आणि महत्त्वाचं वेगळं असं सांगितलं होतं, त्यावरून पुढे चार चौकोनांचा तक्ता निघाला, ट्रेनिंगला गेलात तर तो हमखास शिकवतात. तक्ता चांगला आहे, जरूर वापरा, पण आपल्याला त्यातला एकच चौकोन नडतो, महत्त्वाचं आहे पण आज कोणी ओरडत नाही हा. बंधारा, टाकी धुणं, विकास आराखडा सगळं त्यातलंच.

ही कामं कालनिर्णयवर आधी लिहून टाकायची. त्याच्याही आधी लाल पेनाने गाव कधी मोकळं नसतं ते लिहा. जुलैत लावणी, मग गणपती, शिमग्याला पालखी, एप्रिल मे आंबा आणि लग्नं. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, तेव्हा कोळीवाड्यातल्या पुरुषांशी निवांत बोलता येतं, त्यांची बैठक तेव्हाच लावा. आणि मे मध्ये चाकरमानी आलेले असतात तेव्हा एक सकाळ गटारं आणि पऱ्या साफ करायला मागून घ्या, मागितलं तर देतात हो, आपणच मागत नाही.

मासिक सभेचं सांगते. इतिवृत्त वाचून झालं की लगेच सगळ्यात जड विषय घ्या. पत्रव्यवहार वाचत बसलं की पाण्याचा विषय येईपर्यंत लोक एसटीची वेळ बघायला लागतात. ऐनवेळचे विषय शेवटी, आणि त्यात पैशाचा निर्णय नको.

कामं वाटायला मी उशिरा शिकले. पंप बंद पडला की लोक मला फोन करायचे, मी पाणीवाल्याला करायचे, तो मला सांगायचा, मी परत लोकांना. शेवटी त्याचा नंबर प्रत्येक वाडीत बोर्डावर लावला आणि दिवे-गटार पूर्ण उपसरपंचांकडे दिलं. पूर्ण म्हणजे त्यांचा निर्णय मला पटला नाही तरी गावासमोर बदलायचा नाही, बोलायचं ते नंतर दोघांनी. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले भाऊसाहेब, त्यांच्याकडे दुसरं गावही असू शकतं, म्हणून त्यांच्याशी एक वार पक्का करा आणि सगळ्या सह्या, सगळे कागद त्या दिवशीच.

तालुक्याला जायची वेगळी वही ठेवा. एका दाखल्यासाठी दापोलीला गेलं तर दिवस गेला, वहीत पाच कामं साठली की मगच निघायचं.

तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. मग वार सांगा, गुरुवारी संध्याकाळी या. आणि गुरुवारी खरंच तिथे असा, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा सगळे सकाळी सहाला दारात.

हे सगळं एका दिवसात कोलमडू शकतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं तेव्हा आमच्याकडे वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडं. त्या रात्री मी वहीत क्रम लिहिला. वाडीवार माणसं मोजायची, मग रस्ता मोकळा, मग पिण्याचं पाणी कारण वीज नाही म्हणजे पंप नाही, मग पंचनामा, आणि घरांचे फोटो साफसफाईच्या आधी. तो कागद कार्यालयाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. तुमच्या गावाचा असा कागद मे संपायच्या आत करून ठेवा, आणि खाली प्रत्येक वाडीतल्या दोघांची नावं लिहा, फोन बंद असले तरी धावत जातील असे दोघं.